मुंबई इलाखा, एडन आणि येमेनविषयीचे ग्रंथ

पनवेल तालुक्यातील शिरढोणचे क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांना १८७९ साली जन्मठेप झाल्यावर ज्या एडनला धाडण्यात आले, ते अरबस्तानच्या दक्षिण टोकावरील, आजच्या येमेनमधील बंदर त्या वेळी मुंबई इलाख्याच्या, म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरच्या, कारभाराखाली होते. १३ फेब्रुवारी १८८३ रोजी तुरुंगाचे दार बिजागऱ्यांतून उखडून ते निसटले, परंतु लवकरच पकडले गेले आणि अन्नत्याग करून १७ फेब्रुवारीला त्यांनी देह ठेवला. मराठी स्मृतीत एडन राहिले ते या बंदिवासामुळे; येमेनच्या आधुनिक राजकारणातील उत्तर-दक्षिण ही एक मुख्य फूट मात्र याच कारभारात रुजली.

१९ जानेवारी १८३९ रोजी कॅप्टन हेन्सने लाहेजच्या सुलतानाकडून एडन जिंकले आणि पुढे भोवतालच्या टोळीप्रमुखांशी तह करून, त्यांना तनखे बांधून देऊन इंग्रजांनी ‘संरक्षित प्रदेश’ उभा केला, ज्यात अंतर्गत सत्ता प्रमुखांची, तर परराष्ट्रव्यवहार इंग्रजांचा असे. उत्तर येमेनमध्ये तुर्की अंमल संपल्यावर इमामांचे, म्हणजे झैदी या शिया पंथाच्या धर्मप्रमुखांचे, राज्य आले. १९३७ साली एडन हिंदुस्थानच्या कारभारातून सुटले, १९६७ मध्ये दक्षिण येमेन स्वतंत्र झाला आणि १९९० मध्ये दोन्ही देश एक झाले, तरी १९९४ च्या यादवीने जुनी भेग उघडी पाडली.

या इतिहासाचा एक प्रारंभीचा इंग्रजी ग्रंथ मुंबईतच छापला गेला: एडनमधील साहाय्यक रेसिडेंट, म्हणजे इंग्रज सरकारचा राजकीय अधिकारी, रॉबर्ट प्लेफेअर याचा येमेनचा इतिहास १८५९ साली भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यातून निघाला. अशा लेखनात बंदराची सुरक्षितता हाच मापदंड असल्याने टोळ्या दिसतात त्या मित्र वा शत्रू म्हणून. त्यामुळे त्याच्या जोडीला आर. जे. गॅविन यांचा १८३९ ते १९६७ या काळातील एडनवरचा ग्रंथ, फ्रेड हॅलिडे यांचे दक्षिणेतील क्रांतीची चिकित्सा करणारे १९७४ चे पुस्तक आणि दोन्ही येमेनांना एकत्र पाहणारा पॉल ड्रेश यांचा २००० सालचा इतिहास वाचणे अगत्याचे ठरते. लिसा वेडीन यांनी २००८ च्या ग्रंथात दुपारी ‘कात’ या झुडपाची पाने चघळत रंगणाऱ्या बैठकांकडे लोकशाही चर्चेचे व्यासपीठ म्हणून पाहिले, आणि कारभाराच्या दप्तरांत क्वचितच आढळणारा वादप्रिय, विचारी समाज तेथे प्रथमस्थानी आला.

ज्या इलाख्याने एडनचा तुरुंग चालवला त्याच इलाख्याने येमेनविषयीचे आरंभीचे ज्ञानही घडवले. म्हणून मराठी अभ्यासकाने या देशाकडे परका प्रदेश म्हणून न पाहता, त्याचा अभ्यास मुंबईच्या इतिहासाचे अपुरे राहिलेले प्रकरण म्हणून हाती घ्यायला हवा.