घसाऱ्यावरच्या बुटांची कुळकथा

नाशिकमध्ये डोंगरात पळायचे बूट घ्यायला गेलं की विक्रेता हमखास बर्फाची गोष्ट काढतो. खोक्यावर आल्प्सचं चित्र असतं, बुटाच्या जिभेवर ‘वॉटरप्रूफ’ची पट्टी असते आणि ‘हिवाळ्यासाठी हाच घ्या, सर’ असा आग्रह असतो. नाशिकचा हिवाळा कडक असतो हे खरंच. निफाडचा पारा 5 अंशांखाली उतरला की द्राक्षबागायतदारांची झोप उडते. पण अंजनेरी, धोडप किंवा साल्हेरवर जानेवारीत पाय घसरतो तो थंडीने नव्हे, घसाऱ्याने.

हा घसारा येतो कुठून? आपला काळा पाषाण लाव्हाच्या थरांवर थर साचून तयार झाला, आणि हे सगळे थर एका मगदुराचे नाहीत. कठीण थरांचे कडे झाले. मधले ठिसूळ थर झिजून त्यांचे उतार झाले. पावसाळाभर गवत आणि ओल या उतारांना धरून ठेवतात. दिवाळी उलटली की ओल जाते, गवत पिवळं पडून आडवं होतं आणि त्याखालचा मुरूम सुटा होतो. त्यावर पाय टाकणं म्हणजे फरशीवर सांडलेल्या हरभऱ्यांवरून चालणं. वर चढताना निभावतं. उतरताना, तेही पळत, गडी बुटाच्या भरवशावर असतो.

शिवाय कुसळं. कुसळी गवताच्या बीला पुढे टोकदार अणी आणि मागे लांब शेपूट असतं. दवाने शेपूट भिजलं की त्याचा पीळ सुटतो, उन्हाने वाळलं की पुन्हा भरतो. या उलट-सुलट फिरण्यातून बी स्वतःला जमिनीत रुतवून घेतं. मोजा त्याला जमिनीइतकाच मानवतो. बुटाची जाळी विरळ असेल तर तासाभरात घोट्याभोवती अशी टोचणी सुरू होते की थांबून एकेक कुसळ उपसण्यावाचून गत्यंतर नसतं. ही अडचण आल्प्समधल्या कारागिराच्या ध्यानी येण्याचं कारणच नाही.

गंमत अशी की या डोंगराने स्वतःसाठी बूट कधी घडवलाच नाही. गावातून चामडं आलं, ट्रकवरून टायर आला, लष्करातून कॅनव्हास आला, फ्रान्समधून फोम आला. इथल्या पायताणाचा सगळा वंश उसनवारीचा आहे.

मूळपुरुष अर्थात अनवाणी पाय. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते. ऐन थंडीत गावोगावच्या दिंड्या चालत येतात आणि त्यांत आजही कितीतरी पाय उघडे असतात. टाचांच्या भेगांत आमसुलाचं तेल जिरवायचं आणि पुन्हा चालू लागायचं.

लांब पल्ल्याच्या धावण्याचा आपला इतिहासही उघड्या पायांनीच सुरू होतो. 1919 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींना दोराबजी टाटा हजर होते. शेतकरी घरांतली पोरं खडबडीत मैदानावर अनवाणी पळत होती आणि तरीही त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जात होत्या, हे पाहून त्यांनी ऑलिंपिकला संघ पाठवायचं मनावर घेतलं. 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. 2 तास 50 मिनिटं आणि वर काही सेकंद अशी वेळ देऊन ते 19वे आले. भारताच्या ऑलिंपिक वाटचालीच्या मुळाशी बिनबुटाचे पाय आहेत, हे शूजच्या जाहिराती आपल्याला सांगणार नाहीत.

याच वंशातलं नाशिकचं नाव म्हणजे हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत. शाळेत धावणं निवडलं, कारण त्याला बूट लागत नव्हते, असं तिनेच सांगितलं आहे. पुढे नाशिकला विजेंद्र सिंग यांच्याकडे तिचं प्रशिक्षण झालं. 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10 हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळालं. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ला अर्थातच नंतर बूट मिळाले; पण पाऊल कसं टाकायचं हे ती त्याआधीच शिकली होती.

चामड्याची वहाण ही दुसरी पिढी. काट्याकुट्यांत आणि तापल्या जमिनीवर तिला तोड नव्हती, कातळावर मात्र ती निरुपयोगी. वाळक्या गवतावर घासून तळ गुळगुळीत झाला की उतारावर उभं राहणंही अवघड. म्हणूनच अवघड कातळटप्पा आला की गावातला वाटाड्या आजही पायातलं काढतो, हातात किंवा कमरेला घेतो आणि सरसर वर जातो. मागे महागड्या बुटांतला शहरी गडी दोन्ही हातांनी कातळ चाचपत असतो.

मग रबर आलं. 1839 साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला रबर गंधकासह तापवण्याची युक्ती सापडली. तोपर्यंत उन्हाळ्यात चिकटणारं आणि थंडीत तडकणारं रबर त्यानंतर बारमाही झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टायरच्या रबरात काजळी मिसळू लागले आणि त्याचं झिजणं एकदम कमी झालं. ट्रकचा असा बाद टायर कापून, त्यावर पट्टे ठोकून केलेली टायरची चप्पल महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने आणि गुराख्याने पिढ्यानपिढ्या घातली. टिकाऊपणात तिचा हात धरणारं पायताण अजून निघालेलं नाही. पट्टे दोनदा बदलतील, तळ तसाच राहील.

आणि इथेच या कुळाचा कायमचा कलह दिसतो. टिकणारं रबर कडक असतं, आणि कडक रबर ओल्या कातळावर पकड देत नाही. मऊ रबर दगडाच्या बारीक उंचसखलपणात बसतं, म्हणून धरतं. पण त्याच कारणाने दगड त्याला ओरबाडतो. आमचा बेसॉल्ट तर कानशीच. ज्या बुटाची पकड अप्रतिम असते त्याचा तळ लवकर उतरतो, आणि जो वर्षानुवर्षं टिकतो तो दवाने भिजलेल्या दगडावर दगा देतो. पुढच्या शंभर वर्षांत जे काही झालं ते या दोघांतल्या तडजोडीसाठी.

तडजोडीचं पहिलं मोठं पाऊल एका दुर्घटनेतून पडलं. तोवर युरोपातले गिर्यारोहक तळाला खिळे ठोकलेले जड बूट घालून डोंगराच्या पायथ्याशी जात आणि कातळ चढताना हलके, मऊ तळाचे जोडे चढवत. 1935 साली इटलीच्या पुंता रासिका शिखरावर एक तुकडी याच हलक्या जोड्यांनिशी वादळात आणि बर्फात सापडली. सहा जण दगावले. वाचलेल्यांपैकी विताले ब्रामानी या मिलानच्या गिर्यारोहकाने ध्यास घेतला, की पायथ्याला आणि कातळाला एकच तळ चालला पाहिजे. पिरेलीच्या मदतीने त्याने खोल दातांचा रबरी सोल केला. रणगाड्याच्या पट्ट्यासारखी त्याची नक्षी आणि ब्रामानीच्याच नावातली अक्षरं घेऊन पडलेलं ‘व्हिब्राम’ हे नाव. 1954 मध्ये के2 शिखरावर पहिल्यांदा पोचलेल्या इटालियनांच्या पायांत हेच सोल होते. आज कोणत्याही डोंगरी बुटाच्या तळाला जे दात दिसतात ते या सोलचे वंशज.

आपल्याकडे मात्र दात आले ते लष्करी वाटेने. दुसऱ्या महायुद्धात जंगलातल्या लढाईसाठी वर कॅनव्हास आणि खाली रबर असे बूट निघाले. त्याच धाटणीचे, घोट्यापर्यंतचे ‘हंटर’ महाराष्ट्रातल्या ट्रेकर्सच्या जुन्या पिढीने अक्षरशः झिजवले. स्वस्त, भिजले तरी दुपारपर्यंत वाळणारे. तळ पातळ असल्याने प्रत्येक खडा तळपायाला कळायचा. पण कॅनव्हासच्या अशा बुटात रबराची कड कापडावर चढवून सगळं एकत्र भट्टीत भाजतात, त्यामुळे नुसत्या गोंदाच्या भरवशावर राहावं लागत नाही. सोल झिजायचा, सुटायचा नाही.

त्यानंतर ‘ॲक्शन ट्रेकिंग’चा काळ आला. दिल्लीच्या कंपनीचा हा साधा बूट सह्याद्रीच्या कातळावर चांगला धरतो, ही बातमी तोंडोतोंडी पसरली आणि नवख्याला पहिला सल्ला तोच मिळू लागला. तोवर गिर्यारोहणाच्या बाजारात ज्याला कुणी विचारत नव्हतं त्या बुटाला सह्याद्रीने पास केलं होतं. या काळातली एक खास मराठी रीत सांगायलाच हवी. नवा बूट घरी आणायच्या आधी चांभाराकडे न्यायचा आणि सोलच्या कडेने जाड दोऱ्याची शिलाई मारून घ्यायची. चिकटवलेल्या बुटावरचा हा अविश्वास अगदी रास्त होता. मग मोठ्या क्रीडादुकानांबरोबर फ्रान्सचा ‘केचुआ’ आला. 1997 मध्ये मॉन्ट ब्लांकच्या पायथ्याशी सुरू झालेला हा ब्रँड बघता बघता हरिहरच्या पायऱ्यांवर जागोजाग दिसू लागला.

हे सगळे चालायचे बूट. पळायच्या बुटांचं घराणं वेगळं. इंग्लंडच्या उत्तरेला चिखलगवताच्या टेकड्यांवर धावण्याच्या शर्यती जुन्या; बोल्टनच्या नॉर्मन वॉल्शने 1961 मध्ये स्वतःचा कारखाना काढला आणि पुढे तिथे या टेकड्यांसाठी खास दातेरी, हलके बूट बनू लागले. तिकडे अमेरिकेत प्रशिक्षक बिल बोवरमनने 1971 मध्ये स्वयंपाकघरातल्या वॉफलच्या साच्यात रबर ओतलं. साचा वाया गेला, पण हलका आणि तरी पकड देणारा तळ सापडला. 1970 च्याच दशकात ईव्हीए नावाचा फोम बुटांत आला. एका घराण्याने दात दिले, दुसऱ्याने हलकेपणा, फोमने गादी दिली. आजचा ट्रेल शू या तिघांचा.

फोमने सुख दिलं आणि नवं दुखणंही. बुटांच्या मधल्या थरासाठी पॉलीयुरेथेन वापरतात, विशेषतः ट्रेकिंगच्या जड बुटांत. हे द्रव्य हवेतल्या दमटपणाने हळूहळू फुटत जातं. वापरा अगर न वापरा. किंबहुना न वापरलेला बूट जास्त फसवतो. काही पावसाळे माळ्यावर काढलेला, दिसायला कोराकरकरीत जोडा ऐन डिसेंबरात डोंगरात नेला की तासाभरात मधला थर भुगा होऊन सोल हातात येतो. मग बुटाच्याच नाडीने सोल बांधून लंगडत उतरणारा माणूस हे ट्रेकच्या वाटेवरचं परिचित दृश्य आहे. ईव्हीए असा फुटत नाही, तो चेपतो. दात शाबूत दिसतात, पण गुडघे कुरकुरू लागतात. लांब पल्ल्याला धावणाऱ्याने बुटाचं वय तळावरून नाही, गुडघ्यांवरून ओळखावं.

मग घ्यायचा कोणता? सह्याद्रीच्या हिवाळ्यापुरतं माझं मत ठाम आहे. जलरोधक अस्तराचा बूट घेऊ नये. सकाळचं दव नऊपर्यंत उडतं. त्यानंतर ते अस्तर आतला घामच कोंडतं आणि पुढच्या 30 किलोमीटरमध्ये फोड आणतं. जाळी घट्ट विणीची हवी, कुसळांसाठी. वर घोट्याला कापडी गेटर असला तर उत्तम. दात 4 ते 5 मिलिमीटरचे आणि एकमेकांपासून सुटे असावेत, म्हणजे मुरूम त्यांत अडकून बसत नाही. युरोपातल्या चिखलासाठी केलेले 7-8 मिलिमीटरचे मऊ दात आमच्या कातळावर डगमगतात. शिवाय आपल्यापैकी बहुतेक जण चामरलेणी किंवा पांडवलेणी गाठायला घरापासूनच धावत निघतात, आणि डांबर हे दात काही महिन्यांत खाऊन टाकतं. रस्त्याला रस्त्याचा जोडा ठेवा.

पुढे चवड्याला कडक रबराची पट्टी आणि बोटांपुढे अर्ध्या बोटाची जागा हवीच. साल्हेरसारखा 1567 मीटर उंचीचा किल्ला उतरताना पाय पुढे सरकतो, आणि जागा नसेल तर अंगठ्याचं नख काळं पडतं. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, धावायचे मोजे घालूनच बूट घालून पाहा. सिंहगड-राजगड-तोरण्याच्या डिसेंबरातल्या लांब शर्यतीला जाणार असाल तर नवा जोडा थेट तिथे नेऊ नका. हिमालयात केदारकंठ्याला बर्फात जाणार असाल तर बूट बदलून उपयोग नाही. घट्ट बर्फावर कुठलंच रबर धरत नाही, तिथे तळाला लावायचे मायक्रोस्पाइक्स भाड्याने घ्या.

शिलाईची जुनी रीत मात्र ट्रेल शूला लावू नये. सुईने फोमला भोकं पडतात आणि तिथूनच तो फाटतो. कड सुटायला लागलेली दिसली की लगेच चांभाराकडे जाऊन ती घासून सोल्यूशनने पुन्हा बसवून घ्या. काम किरकोळ असतं, आणि जोडा पुढचा हिवाळाही काढतो.