राष्ट्रसंघ कोणी बुडवला?

पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाची गोष्ट पाठ्यपुस्तकापासून अग्रलेखापर्यंत एकाच चालीवर सांगितली जाते. अध्यक्ष वुड्रो विल्सन पॅरिसहून राष्ट्रसंघाची सनद घेऊन परतले. युद्धाला विटलेल्या अमेरिकन समाजाने आणि कोत्या मनाच्या सिनेटने ती धुडकावली. अमेरिका स्वतःपुरते पाहू लागली आणि वीस वर्षांनी जगाने त्याची किंमत मोजली. हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. अमेरिका राष्ट्रसंघात कधीच गेली नाही आणि १९२४ मध्ये तिने परदेशी स्थलांतरितांवर कडक निर्बंध घातले, हे खरेच आहे. पण या कथेचा जम बसला तो दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, नव्या जागतिक संघटनेसाठी लोकमत घडवायचे होते तेव्हा. ‘विल्सन’ हा हॉलिवूडचा चित्रपट १९४४ चाच. प्रचारासाठी उपयोगी पडलेली कथा खोटीच असते असे नाही. तिची झडती मात्र घ्यावी.

सिनेटच्या नोंदी पाहा. १९ मार्च १९२० रोजी व्हर्सायचा तह शेवटचा मतदानाला आला. बाजूने ४९, विरुद्ध ३५. मंजुरीला लागणाऱ्या दोन-तृतीयांशाला सात मते कमी पडली. म्हणजे बहुमताला तह हवा होता! या ३५ जणांत राष्ट्रसंघ कोणत्याच रूपात नको म्हणणारे रिपब्लिकन होते फक्त १२. उरलेले २३ विल्सन यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे, बरेचसे दक्षिणेतले निष्ठावंत. तहाला सिनेटमधले रिपब्लिकन नेते हेन्री कॅबट लॉज यांच्या अटी जोडलेल्या होत्या आणि असा तह स्वीकारू नका, असे विल्सन यांनी आजारपणातून पत्राने कळवले होते. त्या २३ पैकी सात जणांनी अध्यक्षांचे ऐकले नसते, तर तह मंजूर झाला असता.

यावर ठरलेले उत्तर असे, की लॉज यांच्या अटींनी तहाचा आत्माच काढून घेतला होता. लॉज यांचा हेतू स्वच्छ होता असे मी म्हणणार नाही. विल्सन यांच्याविषयीचा त्यांचा द्वेष जगजाहीर होता. पण हेतू वाईट असला म्हणून मजकूर वाईट ठरत नाही. मुख्य वाद कलम १० चा. सदस्य राष्ट्रांच्या सीमांचे रक्षण करण्याचे बंधन त्यात होते. काँग्रेसने त्या त्या प्रसंगी ठरवल्याशिवाय हे बंधन अमेरिकेवर नाही, असे लॉज यांची अट सांगत होती. युद्ध पुकारण्याचा अधिकार घटनेने काँग्रेसलाच दिलेला आहे. शिवाय १९ ऑगस्ट १९१९ रोजी व्हाइट हाउसमध्ये सिनेट समितीसमोर विल्सन स्वतःच म्हणाले होते की हे बंधन नैतिक आहे, कायदेशीर नव्हे. मग कायद्यापुरती सूट मागितल्याने काय बिघडत होते? ब्रिटनचे माजी परराष्ट्रमंत्री लॉर्ड ग्रे यांना तरी फारसे बिघडताना दिसले नाही. विशेष राजदूत म्हणून वॉशिंग्टनला आलेल्या ग्रे यांना विल्सन यांनी भेट दिली नव्हती. मायदेशी परतल्यावर, जानेवारी १९२० च्या अखेरीस, त्यांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये लिहिले, की अटींसह अमेरिका येत असेल तर यावी.

जे १२ जण खरोखर कट्टर विरोधक होते, त्यांनाही ‘जगाकडे पाठ फिरवणारे’ म्हणणे अन्यायाचे आहे. जॉर्ज नॉरिस चिडले होते ते चीनचा शांतुंग प्रांत जपानच्या हाती दिला म्हणून. रॉबर्ट ला फॉलेट यांचा सवाल होता की आयर्लंड, इजिप्त, हिंदुस्थान उद्या उठले तर कलम १० खाली आपण साम्राज्याची राखण करायची काय? मराठी वाचकाने इथे थोडे थांबावे. शांतता परिषदेसाठी हिंदुस्थानच्या राष्ट्रीय काँग्रेसने निवडलेल्या लोकमान्य टिळकांना तिथे जाऊ दिले गेले नाही. त्यांनी लंडनहून विल्सन यांना लिहिले, उत्तर आले ते चिटणिसाच्या सहीचे. हिंदुस्थानच्या वतीने तहावर सह्या केल्या ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री मॉंटेग्यू आणि बिकानेरचे महाराज यांनी. हिंदुस्थानचे गाऱ्हाणे अमेरिकन सिनेटमध्ये बोलून दाखवले ते या बदनाम विरोधकांनी.

राहता राहिला ‘विटलेला समाज’. १९१९ चा अमेरिकन समाज मुळीच सुस्त नव्हता. सिएटलचा सार्वत्रिक संप, बॉस्टनच्या पोलिसांचा संप, पोलाद कामगारांचा संप, शिकागोची वांशिक दंगल हे सारे त्या एका वर्षातले. प्रश्न असा की या खळबळीत विल्सन यांच्या बाजूने उभे राहायला कोण उरले होते? १९१६ मध्ये कॅलिफोर्निया चार हजारांहून कमी मतांनी जिंकून ते पुन्हा अध्यक्ष झाले, ते सुधारकांच्या आणि डाव्यांच्या मदतीने. पुढे युद्धकाळात त्यांच्याच सरकारने ‘द मासेस’ हे मासिक टपालातून बंद पाडले, ‘नेशन’चा अंक अडवला आणि समाजवादी नेते युजीन डेब्ज यांना एका भाषणासाठी दहा वर्षांची सजा झाली. धरपकडीसाठी कुप्रसिद्ध झालेले अॅटर्नी जनरल पामर यांनीसुद्धा डेब्ज यांना सोडण्याची शिफारस केली, तेव्हा विल्सन यांनी ती फेटाळली. विल्सन यांच्या ‘विजयाशिवाय शांतता’ या घोषणेवर ज्यांचा जीव होता, ते लोक तुरुंगात होते किंवा गप्प बसवले गेले होते. ‘न्यू रिपब्लिक’सारखे पाठीराखे पत्रही तहाचा मजकूर वाचून उलटले. सिनेटमधल्या पराभवाची कारणे सिनेटबाहेर अशी आधीच साचलेली होती.

१९२० ची निवडणूक हा जनतेचा कौल, असे सांगतात. रिपब्लिकन उमेदवार हार्डिंग यांना साठ टक्के मते पडली, हे खरे. पण एलिहू रूट, चार्ल्स इव्हान्स ह्यूज, हर्बर्ट हूवर यांच्यासह ३१ नामवंत रिपब्लिकनांनी जाहीर पत्रक काढून मतदारांना सांगितले होते, की राष्ट्रसंघात जाण्याचा खात्रीचा मार्ग हार्डिंग हाच! अशा मतपेटीतून राष्ट्रसंघाविरुद्धचा कौल कसा वाचायचा? आणि अमेरिकेने त्यानंतर जगाकडे पाठही फिरवली नाही. पुढे ह्यूज परराष्ट्रमंत्री झाले आणि १९२१-२२ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनला परिषद भरवून मोठ्या आरमारांवर मर्यादा घातली. जर्मनीच्या नुकसानभरपाईचा तिढा १९२४ मध्ये ज्या समितीने सोडवला, तिचे अध्यक्ष होते शिकागोचे बँकर चार्ल्स डॉझ. युरोपची हिशेबवही उलगडून बसलेल्या या गृहस्थांना अमेरिकन मतदारांनी त्याच वर्षी उपाध्यक्ष म्हणून निवडून दिले.