मुदत संपलेला कागद

फोटो छापायच्या कागदाच्या पाकिटावर औषधासारखी मुदत छापलेली असायची. २००७ साली ॲलिसन रॉसिटर या अमेरिकन छायाचित्रकर्तीने ईबेवरून जुनी फिल्म मागवली. सोबत कोडॅकच्या कागदाचं एक पाकीट आलं, मुदत १९४६ची. तिने त्यातला एक कागद कॅमेऱ्यात न घालता, त्यावर प्रकाशही न टाकता, सरळ डेव्हलपरमध्ये बुडवला. खरं तर तो कोरा राहायला हवा होता. पण त्यावर पेन्सिल घासल्यासारखा करडा पोत उमटला. तेव्हापासून ती असे कागद जमवते आहे.

कागदावरच्या जिलेटिनच्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे बारीक स्फटिक असतात. प्रकाश पडला की स्फटिकावर चांदीच्या काही अणूंचा ठिपका पडतो, आणि ज्यावर ठिपका आहे त्याच स्फटिकाची डेव्हलपर चांदी करतो. गंमत अशी, की ठिपक्याला प्रकाशच लागतो असं नाही. उष्णता, दमट हवा, कुणाच्या तरी बोटाचा ठसा, काहीही पुरतं. बंद पाकीटसुद्धा इतकी वर्षं नोंद करतच होतं! दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचणाऱ्या मला हे ओळखीचं वाटलं; फक्त इथे काय नोंदवायचं हे कुणीच ठरवलेलं नव्हतं. रॉसिटरच्या शीर्षकांतही कागदाचं नाव, मुदत आणि प्रक्रियेचं साल एवढंच असतं. 'कम्पेंडियम १८९८–१९१९' या मालिकेतले कागद तर पहिल्या महायुद्धाआधीपासूनचे.

कॅलिफोर्नियाच्या ख्रिस मकॉची गोष्ट वेगळी. २००३ साली रात्रभर ताऱ्यांचा फोटो घेताना तो झोपून राहिला आणि उगवलेल्या सूर्याने फिल्म जाळली. पुढे तो मोठ्या कॅमेऱ्यात निगेटिव्हच्या जागी जुना कागदच घालू लागला. सूर्याची वाट त्यावर खरोखरच जळून निघते.

याला 'नॉस्टॅल्जिया' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. तारखा पाहा. २००४मध्ये इल्फर्ड अडचणीत आली, २००५मध्ये आग्फाफोटोचं दिवाळं निघालं, त्याच वर्षी कोडॅकने कृष्णधवल कागद बंद करत असल्याचं जाहीर केलं, २००८मध्ये पोलरॉइडने इन्स्टंट फिल्म थांबवायचं ठरवलं. कागद दुकानात सहज मिळायचा तोवर तो फोटोखालचा पाट होता, त्याच्याकडे कोण बघणार? कारखाने मिटायला लागले तेव्हा तो स्वतःच विषय झाला. २०१५मध्ये लॉस एंजेलिसच्या गेटी म्युझियमने अशा सात कलावंतांचं प्रदर्शन भरवलं. त्यात हे दोघेही होते.

मला खटकतं ते वेगळंच. डेव्हलपरमध्ये गेलेला कागद पुन्हा कोरा होत नाही. १८९८चं पाकीट संपलं की संपलं. तो कागद बनवणारं यंत्र नाही, कृती जाणणारी माणसंही नाहीत. म्हणजे रॉसिटर जे वाचते आहे ते वाचता वाचताच संपवते आहे. काही पाकिटं न उघडता जपावीत, असं कुणी म्हणेल. मात्र आत काय आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उजेडात उघडलं की सगळंच काळं.

आपल्याकडे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' कागद असायचा. तो कारखानाही बंद पडला. एखाद्या जुन्या स्टुडिओच्या माळ्यावर 'इंदू'चं पाकीट अजून असेल, तर आपल्या पावसाळ्यांचा दमटपणा त्यात नोंदला जात असेल, आणि कागद दरवर्षी थोडा थोडा काळवंडत असेल.