मोहरीची उशी आणि सिलिकॉनची पिशवी



बरेच दिवस इथे काही लिहिणं झालं नाही. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग पाहुणे, मग नेहमीचा आळस. आज मात्र ठरवून बसलेय, कारण मला एक माफी मागायची आहे. आणि आम्हा इतिहासाच्या बाईंना सनावळी सांगितल्याशिवाय माफीसुद्धा मागता येत नाही!

विषय थोडा अवघड आहे. आमच्या घरात या अवयवाचं नाव कधी घेतलं गेलं नाही. 'छातीचं दुखणं' म्हणायचं, आणि हृदयाचं की दुसरं, ते ऐकणाऱ्याने आपलं आपण ओळखायचं. मी आज सरळ 'स्तन' असं लिहिणार आहे. नातेवाईकांपैकी ज्यांना संकोच वाटेल त्यांनी माझा दिवाळीच्या फराळावरचा जुना लेख पुन्हा वाचावा, राग नाही.

तर झालं असं. माझ्या भाचीचा डावा स्तन कॅन्सरमुळे काढावा लागला. वय ४३. (हे सगळं तिला विचारून लिहितेय.) त्या जागी इम्प्लांट बसवून घ्यायचं तिने ठरवलं आणि मला फोन केला. मी काय म्हणावं? म्हटलं, "अगं, आता या वयात कुणाला दाखवायचंय? मी नाही का इतकी वर्षं काढली?" ती जरा वेळ गप्प राहिली. "बरं मावशी," म्हणाली आणि फोन ठेवला. पुढे तीन आठवडे फोन नाही.

मी इतकी वर्षं काढली म्हणजे कशी, तेही सांगते. १९९६ साली माझा उजवा स्तन काढला. डॉक्टर जे काही बोलले ते सगळं आमच्या ह्यांच्याशी. मला फक्त 'काळजी करू नका' एवढंच. पुन्हा स्तन तयार करता येतो, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दीड महिन्याने शाळेत जायचं तर ब्लाऊजमध्ये काय घालायचं? आधी कापसाची गुंडी करून पाहिली. पण कापूस हलका, फळ्यावर लिहायला हात वर केला की वर सरकायचा. मग तान्ह्या बाळाची मोहरीची उशी आठवली. मलमलीची गोल पिशवी शिवली, मोहरी भरली, वजन डाव्या बाजूइतकं जमेपर्यंत कमीजास्त केली. पावसाळ्यात तिला दमट वास यायचा, मग मोहरी बदलायची. जुनी कुंडीत टाकायची, ती उगवायची. अशी मी निवृत्त होईपर्यंत शिकवलं. वर्गात कुणाला कळलं नाही याचा मला केवढा अभिमान!

आता गंमत बघा. त्याच वर्गात, तीच पिशवी लावून, मी दरवर्षी एक गोष्ट रंगवून सांगत असे. १७९४ साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझीन'मध्ये पुण्याकडच्या एका शस्त्रक्रियेची हकीकत छापून आली. इंग्रजी फौजेतला कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या कैदेत सापडला, त्याचं नाक कापलं गेलं. आणि इथल्या एका देशी कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. त्या हकीकतीवरून जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ साली लंडनमध्ये तसंच ऑपरेशन केलं. मुलांच्या माना अभिमानाने ताठ व्हायच्या. एखादा हुशार मुलगा विचारायचा, "बाई, त्याला नवं नाक कशाला हवं होतं? श्वास तर घेता येत होता ना?" मी सांगायची, "अरे, माणसाला चारचौघांत तोंड दाखवायला नको का?"

कावसजीच्या बाबतीत मला हे समजत होतं. आणि भाचीला मात्र मी विचारलं, कुणाला दाखवायचंय?

फोन येईना तेव्हा मन लागेना. मग सवयीप्रमाणे वाचायला बसले. मुलाने इंटरनेटवर शोधायला मदत केली. वाचलं त्यातलं थोडं सांगते.

या गोष्टीची सुरुवात दिखाव्यातून झाली असेल असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला. १८९५ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या चेर्नी नावाच्या सर्जनने एका गायिकेच्या स्तनातली गाठ काढली. पोकळी राहू नये म्हणून तिच्याच कमरेजवळची चरबीची एक निरुपद्रवी गाठ काढून तिथे बसवली. म्हणजे पहिला प्रयत्न आजारानंतरची उणीव भरण्याचा होता आणि सामान तिच्याच शरीरातलं होतं. त्यानंतर मात्र जे जे मऊ सापडेल ते भरून पाहण्याचा सपाटा सुरू झाला. व्हिएन्नाच्या गेरसुनीने शरीरात पॅराफिनचं मेण टोचायची पद्धत काढली. ते मेण स्तनांतही टोचलं गेलं, आणि ते आत सरकायचं, गाठी व्हायच्या. १९५०च्या दशकात प्लास्टिकचा स्पंज आला, तो आक्रसून दगडासारखा व्हायचा. युद्धानंतर जपानमध्ये आणि मग अमेरिकेत पातळ सिलिकॉन थेट सुईने टोचलं गेलं, त्याचेही फार वाईट परिणाम झाले. प्रत्येक वेळी पहिले काही महिने सगळे खूश, आणि पुढचं त्या बाईने निस्तरायचं.

मग येतं अमेरिकेतलं ह्यूस्टन शहर. तिथे फ्रँक गेरो आणि थॉमस क्रोनिन हे दोन सर्जन. रक्त साठवायला काचेच्या बाटल्यांऐवजी प्लास्टिकच्या पिशव्या नुकत्याच आल्या होत्या. सांगतात की गेरोने अशी एक भरलेली पिशवी हातात दाबून पाहिली आणि त्याच्या मनात आलं, ही तर स्तनासारखी लागते! त्यातून सिलिकॉनच्या पिशवीत सिलिकॉनचं जेल भरायची कल्पना निघाली. डाऊ कॉर्निंग कंपनीने ती बनवली. आधी एस्मेराल्डा नावाच्या कुत्रीवर प्रयोग झाला. आणि १९६२ साली टिमी जीन लिंडसे या बाईवर पहिलं ऑपरेशन झालं.

या टिमी जीनची गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. सहा मुलांची आई, घटस्फोट झालेला, गरीब. धर्मादाय रुग्णालयात ती आली होती अंगावरचं गोंदण काढून घ्यायला. डॉक्टरांनी विचारलं, स्तनांचं नवं ऑपरेशन करून घेशील का? ती म्हणाली, त्यापेक्षा माझे पुढे आलेले कान नीट करून द्या. मग सौदा ठरला, दोन्ही करायचं. तिला हवे होते कान! पुढे ५० वर्षांनी तिने मुलाखतीत सांगितलं, की शुद्धीवर आल्यावर छातीवर हत्ती बसल्यासारखं वाटत होतं. आणि भोवती तरुण डॉक्टर कौतुकाने ते काम बघत उभे होते. २०१२ साली ती ८० वर्षांची होती आणि तीच पहिली जोडी तिच्या शरीरात होती.

मंडळी, हे सगळं वाचताना मला एक गोष्ट खटकत गेली. 'इम्प्लांट कसं लागतं' याची चर्चा पहिल्या दिवसापासून आहे. पण कुणाला लागतं? गेरोच्या हाताला. बघणाऱ्याच्या डोळ्याला. जिच्या छातीत ते आहे तिला आतून कसं वाटतं, हा प्रश्न फार उशिरा आला.

याचा पुरावाच आहे. बाहेरची कुठलीही वस्तू आत गेली की शरीर तिच्याभोवती एक वेष्टन तयार करतं. कधीकधी ते आवळत जातं आणि स्तन कडक होतो. याच्या चार पायऱ्या बेकर नावाच्या सर्जनने १९७०च्या दशकात ठरवल्या. आज त्या ज्या रूपात शिकवतात त्यात पहिल्या तीन पायऱ्यांवर मऊ आहे की घट्ट, दिसायला ठीक की वेडावाकडा, याचाच हिशोब. बाईला दुखतंय, हे येतं चौथ्या पायरीवर! त्या काळात काही डॉक्टर हे वेष्टन फोडायला बाहेरून दोन्ही हातांनी जोर देऊन दाबत. आतली पिशवीच फुटायला लागली तेव्हा तो प्रकार मागे पडला.

पुढचं भरभर सांगते. अमेरिकेत अशा वस्तूंवर कायद्याचं नियंत्रण आलं १९७६ साली, म्हणजे पहिल्या ऑपरेशननंतर १४ वर्षांनी. तक्रारी वाढल्या आणि १९९२ साली तिथल्या एफडीएने सिलिकॉनच्या इम्प्लांटवर बंधनं घातली. स्तन काढलेल्या बायकांसाठी मर्यादित परवानगी राहिली. दाव्यांच्या ओझ्याखाली डाऊ कॉर्निंगने १९९५ साली दिवाळखोरीचा अर्ज केला. १९९९ साली तज्ज्ञांच्या समितीने सांगितलं, की यामुळे संधिवातासारखे आजार होतात असा पुरावा नाही. पण फुटणं, आवळणं, जंतुसंसर्ग होणं हे त्रास खरे आहेत आणि पुष्कळ आहेत. २००६ साली बंधनं उठली. मग २०१० साली फ्रान्समधल्या पीआयपी कंपनीची लबाडी उघडकीला आली, आत वैद्यकीय नव्हे तर कारखान्यात वापरायचं स्वस्त सिलिकॉन भरलं होतं. मालक तुरुंगात गेला, पण पिशव्या तर बायकांच्या अंगात होत्या. २०१९ साली एका कंपनीची खरबरीत पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत घेतली गेली, कारण त्यांच्याभोवती एक दुर्मिळ प्रकारचा कॅन्सर आढळत होता. आणि २०२१ साली एफडीएने सांगितलं, की ऑपरेशनआधी बाईला सगळे धोके लिहिलेली यादी दाखवायची, तिच्याशी एकेक मुद्दा बोलायचा आणि मगच सही घ्यायची. १९६२ ते २०२१. बाईला नीट बसवून सांगायला ५९ वर्षं लागली.

आणखी एका बाईंविषयी सांगायलाच हवं. ऑड्री लॉर्ड, अमेरिकेतल्या कवयित्री. १९७८ साली त्यांचा स्तन काढला. रुग्णालयातच एक समाजसेविका लोकरीचा खोटा स्तन घेऊन आली. त्यांनी तो लावायचं नाकारलं. पुढे तपासणीला गेल्या तर नर्स म्हणाली, तुम्ही असं आलात तर इतरांच्या मनावर वाईट परिणाम होतो. त्यावर त्यांनी १९८० साली 'द कॅन्सर जर्नल्स' हे पुस्तक लिहिलं. वाचून वाटलं, मी मोहरीची पिशवी नक्की कुणासाठी लावत होते? माझ्यासाठी, की समोरच्यांना अवघड वाटू नये म्हणून? अजून उत्तर सापडलेलं नाही.

मग मीच भाचीला फोन केला. म्हटलं, चुकलं माझं, ये. दुसरं ऑपरेशन होऊन काही महिने झाल्यावर ती आली, चार दिवस राहिली. रात्री अंथरुणं घातल्यावर मी विचारलं, "कसं वाटतं गं? आतून?"

तिने सांगितलं ते तिच्याच परवानगीने लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. पहिल्या ऑपरेशननंतर कुशीला नळ्या आणि त्यांना बाटल्या. पाठीमागे उशा रचून उताणं झोपायचं, कूस बदलायची नाही. वेणी घालता येईना, कुकर उचलता येईना, पुढून बंद होणारेच कपडे. आत एक रिकामी पिशवी ठेवली होती, तिच्यात दर थोड्या दिवसांनी सुईने सलाईन भरून कातडी ताणायची. भरल्याच्या रात्री छातीभोवती ओला चामड्याचा पट्टा वाळत चाललाय असं वाटायचं. मग ती काढून इम्प्लांट. सुरुवातीला ते फार वर आणि घट्ट होतं, हळूहळू बसलं. आता दुखत नाही, पण स्पर्श कळत नाही. म्हणाली, "मावशी, मी हात लावला तर हाताला कळतं, छातीला कळत नाही." थंडीत ते स्टीलच्या भांड्यासारखं गार पडतं आणि शाल घेतली तरी लवकर ऊब धरत नाही. जड खण ढकलला की आत काहीतरी सरकतं. हे जन्मभर टिकणार नाही, मधूनमधून तपासावं लागेल, कधीतरी बदलावं किंवा काढावं लागेल, हे तिला आधीच सांगितलं होतं. कधीकधी वाटतं, उगाच केलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. आंघोळ करताना आता मी खाली बघते. आधी बघत नव्हते."

मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आणि तुला कसं वाटायचं?"

खरं सांगते, इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. ह्यांनी नाही, बहिणींनी नाही, डॉक्टरांनी नाही. मी उठले, कपाटातून ती शेवटची पिशवी काढून तिच्या हातात दिली. तिने तळहातावर तोलून पाहिली. "जड आहे गं," म्हणाली. म्हटलं, "हो. जड होती."

असो. घरातल्या लग्नात तिच्याविषयी जे कुजबुजलं गेलं ते माझ्या कानावर आलं आहे, आणि त्या कुजबुजीची सुरुवात माझ्याच फोनवरच्या वाक्यापासून झाली असणार. म्हणून माफीही इथेच, सगळ्यांसमोर. पुढच्या वेळी ती भेटली की तिच्या छातीकडे चोरून बघू नका. बघायचंच असेल तर तोंडाकडे बघा आणि विचारा, कशी आहेस?

आणि बायांनो, काही वेगळं जाणवलं तर तपासून घ्या. मी गाठ लागल्यावर चार महिने कुणाला सांगितलं नव्हतं. सहामाही परीक्षा जवळ आली होती ना!