गुप्तधन आणि चिंचेचे पाणी

लक्ष्मीपूजनाच्या पाटावर नव्या नोटांच्या शेजारी आजीच्या डब्यातली एखादी शिवराई मांडलेली अजूनही दिसते. एका अंगास ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगास ‘छत्रपति’, असा हा तांब्याचा पैसा. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला त्या सुमारास तो सुरू झाला आणि पेशवाई बुडाल्यावरही बाजारात चालत राहिला.

अशी नाणी आमच्या मुलखात जमिनीखालीही असतात, यात नवल नाही. भोगावतीकाठचे पेण आणि कुंडलिकेकाठचे रोहे ही दोन्ही गावे खाडीवाटे समुद्राशी जोडलेली. कुंडलिकेच्या मुखाशी तर चौल-रेवदंड्याचे पुरातन बंदर. जिथे मालाची चढउतार, तिथे पैसा हातून निसटायचाच. शिवाय सामान्य माणसापाशी तिजोरी कुठली? परचक्र आले की गाडगे परसात पुरायचे. पुरणारा परतला नाही, की गाडगे तसेच राहायचे.

पूर्वी म्हणत, पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला भूमिगत धन दिसते. आता त्या पायाळूची जागा धातुशोधक यंत्राने घेतली आहे. त्याच्या तबकडीचे चुंबकीय क्षेत्र मातीतल्या धातूत क्षीण वीजप्रवाह उत्पन्न करते आणि यंत्र ओरडते. मात्र मिठागराच्या ओल्या, खारट मातीत किंवा लोहाचा अंश जास्त असलेल्या जमिनीत ते धातूवाचूनही ओरडते. म्हणून तबकडी जमिनीलगत, सावकाश फिरवावी आणि दोन्ही दिशांनी एकाच जागी आवाज आला तरच माती उकरावी. जागा निवडावी ती जुन्या बंदरवाटेची, पाणवठ्याची, मोडलेल्या बाजाराची; तीही मालकाच्या संमतीने. कुड्याची लेणी किंवा रायगड अशा संरक्षित स्थळी मात्र परवान्यावाचून कुदळ लावणे हा गुन्हा आहे.

आणि हंडा खरोखरच लागला तर? १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो, की दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे. धनाचा मूळ मालक निघाला नाही आणि वेगळा करार नसला, तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे, एक जमीनमालकाचा. सरकारने ते ठेवून घेतले तर धातूच्या मोलावर एक पंचमांश अधिक देते. लपवणाऱ्याचा मात्र हिस्साही जातो आणि वर तुरुंगही घडतो.

कायदा बाजूस ठेवला, तरी कळवण्याचे खरे कारण आणखी मोठे आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे चांदीची १३,००० हून अधिक नाणी एकत्र सापडली. ती होती क्षत्रप नहपानाची. पण त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला! नहपानाची सत्ता सातवाहनांनी मोडली, याची याहून बोलकी साक्ष कोणती? तो साठा सोनाराच्या मुशीत गेला असता, तर चांदी उरली असती. साक्ष मात्र वितळून गेली असती.

तेव्हा वाचकहो, दिवाळीची भांडी घासताना सापडलेल्या नाण्याला तेवढे चिंचेचे पाणी लावू नका. घासले की अक्षरे झिजतात. ते कागदाच्या पुडीत ठेवा आणि पुडीवर लिहा : कोणत्या शेतात, किती खोल, कशासोबत मिळाले. नाण्याचे मोल तराजूत ठरते. त्याची कहाणी त्या चिठ्ठीत असते.