मस्टँग आणि सरकारी कुरणे

स्पॅनिश वसाहतींतून सुटलेल्या घोड्यांचे वंशज, म्हणजेच मस्टँग, अमेरिकेच्या पश्चिमेकडील कोरड्या माळरानांवर पसरले आणि तेथील सरकारी जमिनीवर गुरेमेंढ्या चारणाऱ्या पशुपालकांच्या दृष्टीने ते चारापाण्यातले वाटेकरी ठरले. अतिचराईने उजाड होत चाललेल्या या जमिनीसाठी १९३४ मध्ये टेलर चराई कायदा झाला; त्यानुसार शुल्क भरणाऱ्या पशुपालकाला ठरावीक क्षेत्रात चराईचा परवाना मिळू लागला, मात्र मालक नसलेल्या घोड्याला कोणी वाली उरला नाही. विमानाने घोडे दऱ्यांतून सपाटीवर हाकलायचे, ट्रकमधून फास टाकायचा आणि दोराला बांधलेले जड टायर ओढून ते थकले की कत्तलखान्याकडे धाडायचे, अशी रीत पडली. त्यांचे मांस पाळीव प्राण्यांच्या खाद्यात जाई. नेव्हाडातील वेल्मा जॉन्स्टन यांनी उभारलेल्या लढ्यामुळे १९५९ मध्ये विमाने व मोटारींच्या साहाय्याने होणाऱ्या या शिकारीवर बंदी आली आणि १९७१ च्या कायद्याने मस्टँगांना संरक्षण मिळाले. त्याच कायद्याने अतिरिक्त घोडे हटवण्याची जबाबदारी सरकारवर टाकल्यामुळे वाद मात्र मिटला नाही. घोड्यांची वाढती संख्या कुरणांवर ताण आणते हे खरे असले, तरी त्याच जमिनीवर गुरे कितीतरी अधिक चरत असल्याने, माळरानाच्या ऱ्हासाचा दोष एकट्या घोड्यांच्या माथी मारणे न्याय्य ठरत नाही.