नक्कल की नवरचना? वैयक्तिक संगणकावरील युनिक्ससदृश प्रणालींविषयीच्या आठवणी आणि त्यांचे साधनमूल्य

राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून बखर आणि अस्सल पत्र यांतील भेद आपल्याकडील अभ्यासकांच्या अंगवळणी पडला आहे. घटनेनंतर बऱ्याच काळाने, कोणत्या तरी वादाच्या निमित्ताने लिहिलेला वृत्तान्त आणि घटनेच्या ऐन धामधुमीत लिहिलेला कागद यांचे मोल एक नव्हे. संगणकाच्या इतिहासावरील लेखनात मात्र हा भेद पुष्कळदा पाळला जात नाही. वैयक्तिक संगणकावर युनिक्सच्या धर्तीची प्रणाली आणण्याचे जे प्रयत्न १९८० ते १९९२ या काळात झाले, त्यांविषयीच्या आठवणी विपुल आहेत. परंतु त्यांपैकी महत्त्वाच्या आठवणी एका विशिष्ट प्रश्नाला उत्तर म्हणून लिहिल्या गेल्या आहेत, हे ध्यानी घेतल्यावाचून त्यांचा उपयोग करणे धोक्याचे आहे. तो प्रश्न असा : ही प्रणाली नक्कल होय की नवी रचना?

हा प्रश्न उद्भवण्याचे कारण युनिक्सच्या मालकीत सापडते. केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ साली बेल प्रयोगशाळेत ही ऑपरेटिंग सिस्टिम आरंभिली. बेल प्रयोगशाळेची मालक कंपनी एटी अँड टी ही १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीमुळे दूरध्वनीबाहेरच्या व्यापारात उतरू शकत नव्हती. म्हणून युनिक्सचा सोर्स कोड, म्हणजे प्रणालीची मूळ संहिता, विद्यापीठांना अल्प मोबदल्यात मिळे. ऑस्ट्रेलियातील जॉन लायन्स यांनी सहाव्या आवृत्तीवर १९७६ साली विद्यार्थ्यांसाठी ओळीओळीची टीका रचली. परंतु १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने संहिता वर्गात शिकविण्यास मनाई केली. लायन्स यांची टीका पुढे अनेक वर्षे छायाप्रतींच्या रूपाने हातोहात फिरत राहिली. ती राजरोस छापली गेली १९९६ मध्ये. सारांश, ज्या सुमारास संगणक सामान्य माणसाच्या टेबलावर येऊ लागला, नेमक्या त्याच सुमारास संहितेची दारे बंद झाली. मायक्रोसॉफ्टने १९८० मध्ये झेनिक्स जाहीर केली, ती एटी अँड टीकडून रीतसर परवाना घेऊन. ज्यांना परवाना परवडत नव्हता वा नको होता, त्यांना बाह्य वर्तन तेच ठेवून आतील सर्व काही नव्याने लिहिणे हा एकच मार्ग उरला.

शिकागोच्या मार्क विल्यम्स कंपनीने हा मार्ग चोखाळला. तिची ‘कोहेरंट’ ही प्रणाली १९८० साली निघाली आणि १९८३ मध्ये आयबीएम पीसीवर आली. ही उघड चोरी असावी असा संशय एटी अँड टीला आला व चौकशीसाठी खुद्द रिची यांना पाठविण्यात आले. या भेटीची हकीकत त्यांनी १९९८ मध्ये लिहिली. ती माझ्या मते या विषयातील सर्वांत मोलाची आठवण होय. कारण तीत निष्कर्षाबरोबर पद्धतीही सांगितली आहे. रिची यांनी दोन्ही संहिता शेजारी ठेवून वाचल्या नाहीत. तत्कालीन युनिक्समधील ज्या लहानसहान विचित्र लकबी व चुका त्यांना ठाऊक होत्या, त्या कोहेरंटमध्ये उतरल्या आहेत काय, एवढेच ते शोधीत राहिले. पाठचिकित्सेशी परिचय असलेल्या वाचकास ही रीत अनोळखी वाटणार नाही. दोन हस्तलिखितांत शुद्ध पाठ समान आढळला तर काहीच सिद्ध होत नाही. समान अशुद्धे आढळली तर मात्र त्यांचे मूळ एक असण्याचा संभव बळावतो. रिची यांना नक्कल केलेले काही सापडले नाही. तथापि युनिक्सच्या अंतरंगाचा बारकाईने अभ्यास केल्यावाचून कोहेरंट घडली असेल, हेही त्यांना पटले नाही. केवळ माहितीपुस्तिका पुढे ठेवून असे काही रचणे अशक्य होते, अशी साक्ष मला प्रामाणिकपणे देता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. प्रतिपक्षाच्या तज्ज्ञाने दिलेला हा कौल असल्यामुळे त्याचे वजन अधिक.

ॲमस्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठातील अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी मिनिक्स लिहिली ती शिकविण्याच्या गरजेपोटी. सातव्या आवृत्तीची मनाई त्यांना जाचली, म्हणून तशीच वागणारी छोटी प्रणाली त्यांनी स्वतः रचली आणि १९८७ मध्ये पाठ्यपुस्तकासह प्रसिद्ध केली. पुस्तकात सुमारे १२,००० ओळींची संहिता छापली होती. हार्ड डिस्क नसलेल्या, २५६ किलोबाइट स्मृतीच्या पीसीवर ती चाले. त्या यंत्रातील ८०८८ या प्रोसेसरमध्ये एका प्रोग्रामपासून दुसऱ्याच्या स्मृतीचे रक्षण करण्याची सोय नव्हती. म्हणजे एकाची चूक साऱ्या यंत्राला भोवे. रचना चालू असता प्रणाली अकारण बंद पडे. कारण प्रोग्राममध्ये सापडेना. अखेरीस असे उमगले की प्रोसेसर तापला म्हणजे माहितीपुस्तिकेत न नोंदलेला एक संकेत देतो. टॅनेनबॉम यांनी ही आठवण पुढे वारंवार सांगितली आहे. तिच्यात कोणाचा हितसंबंध गुंतलेला नाही, म्हणून ती बिनदिक्कत स्वीकारावयास हरकत नाही.

लिनक्सच्या बाबतीत मात्र तसे नाही. २००४ साली अमेरिकेतील ॲलेक्सिस द टॉकव्हिल इन्स्टिट्यूशनच्या अध्यक्षांनी असा आक्षेप घेतला, की हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने एकट्याने एवढ्या अल्पावधीत प्रणाली लिहिणे असंभवनीय. लिनस तोरवाल्ड्स यांनी मिनिक्सवरूनच ती उतरविली असावी. त्यावर टॅनेनबॉम यांनी आपल्या आठवणी लिहून हा आक्षेप खोडून काढला. वाचकांनी तो पुरावा मानला. परंतु त्याहून भक्कम पुरावा आधीपासून उपलब्ध होता. टॅनेनबॉम यांनीच २९ जानेवारी १९९२ रोजी मिनिक्सच्या चर्चामंडळात लिनक्सवर टीका केली होती. मिनिक्समध्ये फाइलव्यवस्था व स्मृतिव्यवस्था गाभ्याबाहेर स्वतंत्र चालत; लिनक्सने सर्व एकाच गाभ्यात कोंबले, ही रचना कालबाह्य होय, असे त्यांचे म्हणणे. आपल्याच ग्रंथाची नक्कल समोर असती तर त्यांनी रचनेच्या मागासलेपणाबद्दल कान उपटले नसते, चोरीबद्दल उपटले असते! बारा वर्षांनी याचा साक्ष म्हणून उपयोग होईल, हे लिहिताना त्यांच्या स्वप्नीही नव्हते. अस्सल पत्राचे बळ ते हेच.

आता साम्य मुळीच नाही असे नव्हे. पहिल्या लिनक्सने डिस्कवरील फाइलव्यवस्थेची मांडणी मिनिक्सचीच ठेवली होती. १७ सप्टेंबर १९९१ ची ०.०१ ही आवृत्ती तयार करण्यास तर मिनिक्सच लागे. पण देवाणघेवाणीसाठी जाणून स्वीकारलेले साम्य हे वंशाचे प्रमाण होऊ शकत नाही. मोडी लिपीत लिहिलेले दोन कागद त्याच कारणाने एका हातचे ठरत नाहीत.

खुद्द तोरवाल्ड्स यांच्या लेखनातही हा दुहेरीपणा दिसतो. २५ ऑगस्ट १९९१ च्या पत्रात ते आपल्या कामाला निव्वळ छंद म्हणतात आणि इतर यंत्रांवर ते नेता येणार नाही असे बजावतात. २००१ च्या आत्मचरित्रात ते सांगतात, की आपल्या हातून चुकून मिनिक्स असलेला डिस्कचा भाग खराब झाला आणि तेव्हा मिनिक्सकडे परतावयाचे नाही असे ठरले. प्रसंग खोटा मानण्याचे कारण नाही. परंतु यशानंतर लिहिलेल्या चरित्रात अपघाताला निर्णायक वळणाचे रूप येणे साहजिक आहे. १९९३ च्या एका मुलाखतीत त्यांनी सांगितले, की ३८६बीएसडी वेळेवर उपलब्ध असती तर लिनक्स बहुधा झालीच नसती. हे विधान अपघाताच्या कथेहून अधिक विचारार्ह आहे.

या वादांच्या गलबल्यात एक वर्ग मात्र मुका राहिला. ब्रूस इव्हान्स यांनी मिनिक्सला ३८६ प्रोसेसरच्या बत्तीस बिटांच्या सामर्थ्याचा लाभ देणारे बदल केले; मिनिक्स विकत घ्यावयाची आणि हे बदल वेगळे मिळवून स्वतःच्या हाताने तिच्यात घालावयाचे, असा हौशी वापरकर्त्यांचा परिपाठ होता. पुस्तकाचे हक्क प्रकाशकाकडे असल्यामुळे सुधारलेली प्रणाली आयती वाटता येत नसे. लिनक्स १९९२ च्या आरंभी जीपीएल परवान्याखाली आली आणि हा अडसर दूर झाला. चर्चामंडळातील त्या काळची पत्रे चाळली तर या कंटाळवाण्या खटाटोपाची ओळख होते. प्रसिद्ध आठवणींत ती क्वचितच होते.

मिनिक्सची संहिता २००० साली मुक्त झाली. युनिक्सची सातवी आवृत्ती २००२ मध्ये कॅल्डेरा कंपनीने खुली केली. कोहेरंटची संहिता २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तत्पूर्वी, २०११ मध्ये, रिची निवर्तले होते. त्यांनी बाहेरून, लकबी व चुकांच्या आधारे जे अनुमान बांधले, ते दोन्ही संहिता समोर ठेवून ओळीओळीने पडताळणे आता पदव्युत्तर विद्यार्थ्यालाही शक्य आहे. त्यासाठी सी भाषा यावी लागेल आणि पाठभेद नोंदण्याची चिकाटी लागेल.